खिशात मावणारी टॉर्च: वावरात जाणाऱ्या नवख्यांसाठी

शेतीची थ्री फेज लाईन रात्रीच्या पाळीत आली की गव्हाला, हरभऱ्याला, संत्र्याच्या बगिच्याला पाणी द्यायला रात्रीच निघावे लागते. ओलीत हे थंडीतले काम, आणि थंडीची रात्र लांब. शिवाय जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचणे आहे. रात्री बाळंतिणीसाठी बोलावणे आलेली आशाताई आहे, नवीन रुजू झालेले गुरुजी आणि ग्रामसेवक आहेत. या सगळ्यांच्या हातात आज बहुतेक मोबाईलच असतो. मोबाईलचा उजेड खोलीत वस्तू शोधायला ठीक आहे, पण धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना तो दहा पावलांपुढे कामाचा राहत नाही. आणि विहिरीत वाकून पाहताना जी वस्तू हातातून सुटता कामा नये ती नेमकी हीच, कारण अडचण आली तर १०८ ला फोन त्याच्यावरूनच लावायचा असतो. म्हणून वेगळी टॉर्च घ्या, आणि ती एवढी छोटी घ्या की शर्टाच्या किंवा पॅन्टच्या खिशात कायम राहील. घरी खुंटीला टांगलेली मोठी टॉर्च कितीही जोरदार असली तरी साप निघतो तेव्हा ती घरीच असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वावरात पायी चालणाऱ्याला लांब मारणारी टॉर्च कमी लागते, जवळचे नीट दाखवणारी जास्त लागते. दुकानात मात्र पहिलीचाच जास्त बोलबाला असतो.

पहिली पायरी: आपली रात्र कशी जाते ते आधी पाहा

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा. सलग किती वेळ उजेड लागतो? दुसऱ्या हातात काय असते, काठी, फावडे की बैलाची दोरी? आणि चार्जिंगची सोय रोज आहे की आठवड्यातून एकदा?

ओलीत करणारा माणूस रात्रभर टॉर्च चालू ठेवत नाही. तो दंड (पाण्याची चारी) फोडताना पाच मिनिटे, मोटार पाहायला जाताना दहा मिनिटे लावतो, बाकी वेळ शेकोटीजवळ. सगळे मिळून रात्रीचा उजेड दोन-तीन तासांचाच होतो. जागलीवाल्याला मधूनच एकदा लांब पाहायचे असते, तेही काही सेकंद. आशाताईला पांदणीतून चालायचे असते आणि पोहोचल्यावर दोन्ही हात मोकळे हवे असतात. तिच्यासाठी डोक्याला बांधायचा दिवा किंवा काटकोनात डोके असलेली, पदराला किंवा पिशवीच्या पट्ट्याला क्लिपने अडकवता येणारी टॉर्च सरळ टॉर्चपेक्षा सोयीची.

मोटारपंपवाल्यांना काटकोनी टॉर्च आणखी एका कारणाने आवडते. तिच्या बुडाला बहुधा चुंबक असतो आणि ती स्टार्टरच्या लोखंडी पेटीच्या दाराला बाहेरून चिकटते. टॉर्च तोंडात धरून स्टार्टर उघडायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. बहुतेक चांगल्या टॉर्चचे अंग ॲल्युमिनियमचे असते, म्हणजे वीज वाहणारे. ओले पाय, उघडी पेटी आणि दातांत धातू, हा मेळ जमू देऊ नका.

दुसरी पायरी: टॉर्चआधी सेल निवडा

नवखे लोक आधी टॉर्च पसंत करतात आणि मग तिला कोणता सेल लागतो ते पाहतात. उलट करा. तुमच्या गावात कोणता सेल मिळतो आणि कसा चार्ज होतो यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

सर्वात सोपा पर्याय म्हणजे साधा पेन्सिल सेल, ज्याला पाकिटावर एए म्हणतात. तो प्रत्येक गावच्या किराणा दुकानात मिळतो. एका सेलची टॉर्च बोटाएवढी असते. पण दुकानातला सर्वात स्वस्त पेन्सिल सेल झिंक-कार्बनचा असतो. तो घड्याळाला ठीक, टॉर्चमध्ये लवकर दमतो. अल्कलाइन सेल जास्त चालतो. मात्र दोन्ही सेल टॉर्चमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिले तर पाझरतात आणि आतली स्प्रिंग खाऊन टाकतात. पेन्सिल सेलची टॉर्च रोज वापरणार असाल तर निकेल मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल आणि त्यांचा चार्जर एकदाच घ्या. असा २००० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे हे माप) एक सेल ५० लुमेनचा (हे उजेडाचे माप, पुढे सांगतो) उजेड साधारण चार तास देतो. रात्रीच्या पाळीला तेवढे बरेचदा पुरते.

दुसरा आणि माझ्या पसंतीचा पर्याय १८६५० हा लिथियम-आयन सेल. या आकड्यातच त्याचे माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ जाड आणि ७० लांब. १८६५० ची टॉर्च मुठीत पूर्ण बसते, खिशात जाणवते पण टोचत नाही. २१७०० ची थोडी जड होते, पण कमरेच्या पट्ट्याला अडकवणाऱ्यांना चालते.

इथे बाजारातली सर्वात मोठी लबाडी समजून घ्या. खऱ्या १८६५० सेलची क्षमता आज साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते. ९८०० किंवा १२००० छापलेला १८६५० दिसला की तो खाली ठेवा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. खोटे सेल अनेकदा बरेच हलके असतात. शंका आली तर सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे. वजन बरोबर भरले म्हणून सेल चांगलाच असे नाही, पण हलका भरला तर विषय तिथेच संपतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. पाकिटावर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा.

१४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, माप तेच. पण पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, तर १४५०० पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. तो पोराने भिंतीवरच्या घड्याळात किंवा रेडिओत टाकला तर ती वस्तू गेली समजा. दोन्ही सेल चालतात असे टॉर्चच्या पुस्तिकेत लिहिले असेल तरच वापरा, आणि घरात वेगळ्या डबीत ठेवा.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या चार्जिंग टॉर्चमध्ये बरेचदा शिशाची बॅटरी असते. उजेड छान पडतो, पण ती बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट चढते आणि ती परत जीव धरत नाही. पावसाळाभर कोठ्यात ठेवलेली टॉर्च दिवाळीला का पेटत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. पाठीवर सोलर पट्टी लावलेल्या छोट्या टॉर्चबद्दल एवढेच म्हणतो की तळहाताएवढ्या पट्टीने १८६५० सेल भरायला बरेच दिवस ऊन दाखवावे लागेल.

तिसरी पायरी: पाकिटावरचे आकडे वाचायला शिका

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कॅन्डेला म्हणजे तो मधोमध किती एकवटला आहे. तेवढ्याच लुमेनचा उजेड एका टॉर्चमध्ये अंगणभर पसरतो, दुसरीत शेजारच्या वावरातल्या बाभळीवर जाऊन पडतो.

पाकिटावर जे मीटर लिहिलेले असतात त्याचा एक नियम आहे. अमेरिकेच्या एफएल-१ मानकात, २००९ पासून, टॉर्चचा पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचे अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. २,५०० कॅन्डेला म्हणजे १०० मीटर, १०,००० म्हणजे २०० मीटर. पण चांदण्याइतक्या उजेडात पराटीत (कापसात) उभे असलेले जनावर ओळखू येत नाही. मी छापील पल्ल्याचा तिसरा हिस्साच कामाचा धरतो. याच मानकात लुमेन टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी ते २ मिनिटांच्या आत मोजतात, आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘३ तास’ लिहिले असेल तर तिसऱ्या तासाला तुमच्या हातात मूळ उजेडाचा दहावा हिस्सा असू शकतो.

दावा खरा की खोटा हे तोंडी तपासता येते. ३००० एमएएचच्या १८६५० सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा असते. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे त्या सेलमधून १०० लुमेन सुमारे १० तास मिळतील, किंवा ५०० लुमेन दोन तास. ‘१००० लुमेन, १० तास, एक सेल’ असे कुणी लिहिले असेल तर त्याला नऊ-दहा सेलची ऊर्जा लागेल. तेवढे त्या नळीत मावत नाहीत.

मग लागतात किती? घरात झोपलेल्यांना न उठवता पाणी प्यायला ५ लुमेन. पांदणीने चालायला ५० ते १००. धुऱ्यावर, उभ्या पिकात पाहायला २०० ते ३००. त्याहून वरचा जोर फक्त लांबचे काही सेकंद पाहायला. बोटभर टॉर्चने हजार लुमेन दिले तर ती मिनिटा-दोन मिनिटांत तापून आपोआप खाली येते, आणि ते बरोबरच आहे. न उतरणारी टॉर्च हात भाजते आणि सेल खराब करते. म्हणून टॉर्च विकत घेताना सर्वात मोठा आकडा पाहू नका, मधल्या पायरीवर ती किती तास चालते ते पाहा.

चौथी पायरी: उजेडाचा रंग आणि पसारा

या पायरीवर वेळ घाला, कारण वावरातला खरा धोका पायाशी असतो. आपल्याकडचे चार मोठे विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस भुरकट रंगाची, अंगावर साखळीसारखे गडद ठिपके. वाळलेल्या पाल्यात आणि कुटारात ती मिसळून जाते. मण्यार रात्रीच फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा इतका हलका की कळत नाही. अशा वेळी टॉर्चने रंगातला फरक दाखवला पाहिजे.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो; त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड मिळवतात. स्वस्त एलईडीत निळा जास्त आणि लाल फारच कमी असतो. परिणामी भुरकट घोणस, तपकिरी पाला आणि माती सगळे एकाच राखी रंगात जाते. म्हणून दोन आकडे पाहा. एक रंगाचे तापमान: ६५०० केल्व्हिन म्हणजे निळसर पांढरा, ४००० ते ५००० म्हणजे डोळ्याला सुखद. दुसरा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याची १०० पैकी गुणसंख्या. ९० किंवा अधिक असेल तर उत्तम. असा एलईडी थोडे कमी लुमेन देतो. ते खुशाल सोडा. निळसर उजेडाकडे किडेही जास्त गोळा होतात, हा आणखी एक तोटा.

पसाऱ्याचे म्हणाल तर मधे जरा तेज आणि भोवती रुंद फिकट उजेड, असा घ्या. पुढचे डोके सरकवून ‘झूम’ करायच्या टॉर्च बाजारात फार चालतात. झूम केले की समोर एलईडीचा चौकोनी ठसा पडतो आणि पायाशी काळोख. सरकणाऱ्या जोडातून पाणी-धूळही शिरते. मी नवख्याला ही घ्यायला सांगणार नाही.

टॉर्च धरायची कशी, हेही इथेच सांगतो. कमरेच्या खाली, मांडीजवळ धरा आणि उजेड तिरपा पुढे टाका. तिरप्या उजेडात ढेकूळ, फांदी, साप यांची लांब सावली पडते आणि सावलीच आधी नजरेत भरते. डोक्याला बांधलेल्या दिव्याचा उजेड डोळ्यांच्या रेषेतच जातो, सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. हेडलॅम्प वापरणाऱ्याने चालताना तो काढून हातात घ्यावा, काम करताना डोक्याला लावावा. आणि पायात बूट हवेतच, टॉर्च त्यांची जागा घेत नाही. चावा झालाच तर आवळपट्टी बांधू नका, कापू-चोखू नका, हलचाल कमी ठेवून सरळ सरकारी दवाखाना गाठा. सर्पविषावरचे औषध तिथे मिळते.

पाचवी पायरी: बटन आणि पाणी

बटन एकाच हाताने, अंधारात, ओल्या बोटांनी सापडले पाहिजे. मागचे टकटक वाजणारे बटन नवख्याला सोपे. बाजूच्या बटनाला अनेकदा ‘दाबून धरा, दोनदा दाबा, तीनदा दाबा’ असे प्रकार असतात. आवड असेल तर शिका, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही ती टॉर्च लावता आली पाहिजे. लुकलुकणारा किंवा एसओएसचा (संकटाच्या इशाऱ्याचा) मोड रोजच्या क्रमात मधेच येत असेल तर टॉर्च परत ठेवा. मंद करायला गेलात आणि ती डोळ्यात फडफडली की दोन मिनिटे काहीच दिसत नाही.

पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन करणारी, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारी. ओलीत करणाऱ्याने आणि धानाच्या बांधीत उतरणाऱ्याने आयपीएक्स७ च्या खाली जाऊ नये. चार्जिंग यूएसबी-सीचे असावे, त्यावरचे रबरी झाकण घट्ट बसावे. काही स्वस्त टॉर्च दोन्ही बाजूंनी सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत, एका बाजूला जुने रुंद तोंड असलेली केबलच लागते. ती जपून ठेवा.

सहावी पायरी: दुकानातली परीक्षा

तालुक्याच्या दुकानात दुकानदार टॉर्च बाहेर रोखून म्हणेल, ‘‘भाऊ, पाह्य ना, पार त्या टाकीपर्यंत जाते!’’ टाकी पाहू नका. टॉर्च हातात घ्या आणि दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतःच्या तळहातावर मारा. हात जिवंत दिसला पाहिजे, मढ्यासारखा निळसर नाही. मग भिंतीवर मारा: मधे डाग, कडा कापलेली, काळे कडे दिसले तर दुसरी मागा. मोबाईलचा कॅमेरा लावून पाहा. सर्वात मंद उजेडात पडद्यावर पट्टे पळत असतील तर उजेड थरथरतो आहे. वाहत्या पाण्याकडे आणि चालत्या पंख्याकडे पाहताना तो डोळ्याला त्रास देतो.

मागचे झाकण उघडा. आटे स्वच्छ फिरले पाहिजेत, रबरी कडे जागेवर हवे, सेल बदलता यायला हवा. सेल आत कायमचा बंद असलेली टॉर्च सेलबरोबरच मरते. शेवटी झाकण पाव आटा सैल करून बटन दाबा. पेटली नाही तर उत्तम: प्रवासात आणि पोरांच्या हातात ती अशीच कुलूपबंद ठेवता येते. खिशात चुकून पेटलेली जोरदार टॉर्च कापड जाळते.

घरी आणल्यावर

पहिल्या रात्री पूर्ण चार्ज करून मधल्या पायरीवर लावून ठेवा आणि वेळ पाहा. हा आकडा पाकिटापेक्षा भरवशाचा. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे चंद्रपूर, अकोला, नागपूरच्या मे महिन्यात सावलीतही तेवढे होते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. दुचाकीच्या डिक्कीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत टॉर्च सोडू नका. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, आटे कोरड्या कापडाने पुसून रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावा.

जंगलाकाठच्या गावांसाठी थोडे वेगळे

ताडोबा, मेळघाट, टिपेश्वर, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडलाच्या आसपास राहणाऱ्यांना लांब पाहायची एक पायरी खरोखर लागते. २०० मीटर छापील पल्ला पुरे. निघताना आणि प्रत्येक वळणावर आधी लांब उजेड फिरवा, मग पायाशी आणा. हरीण, रोही (नीलगाय), वाघ, गुरे यांच्या डोळ्यांत मागे परावर्तन करणारा पडदा असतो, म्हणून ते चमकतात. रानडुकराला हा पडदा नसतो. तेव्हा ‘डोळे दिसले नाहीत, म्हणजे कुणी नाही’ असे तुरीत किंवा धानात समजू नका. खसखस ऐकून काळा आकार शोधा.

मोहफुले वेचायला उजाडल्यावर आणि घोळक्याने जा. वाकून बसलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, आणि वाघ, अस्वल टॉर्चने पळतात हा समज चुकीचा. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्ती येऊ लागले आहेत. हत्तीच्या तोंडावर उजेड मारून त्याला डिवचू नका, मागे फिरा आणि वनरक्षकाला कळवा. राखीव जंगलाच्या कडेने झाडोऱ्यात उजेड फिरवत हिंडलात तर शिकारीचा संशय येतो, तेव्हा उजेड रस्त्यावरच ठेवा.

जुना, फुगलेला किंवा आवरण फाटलेला लिथियम सेल शेकोटीत किंवा उकिरड्यात टाकू नका, तो फुटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तालुक्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या. ई-कचरा गोळा करणाऱ्यापर्यंत तो पोहोचवू शकतो का, ते विचारून घ्या.